कोणती अक्का?

जळगाव
११ फेब्रुवारी २०२५

मा. आमदार श्री. प्रेमराज देवरे यांस,

नमस्कार लिहितो. तो रीतीचा समजावा.

आपल्या कार्यालयाच्या शिक्क्याचे पत्र पोहोचले. धुळ्याच्या जवान संजीवन रुग्णालयात बांधलेल्या नव्या कक्षाला आपल्या भगिनीचे, म्हणजे माझ्या पत्नीचे, नाव द्यावे असा आपला मानस आहे, आणि ‘मेजर दिपमाला स्मृती कक्ष’ या नावास पती या नात्याने माझी लेखी संमती हवी आहे, असे त्यात म्हटले आहे. संमती देत नाही. माजी सैनिकांसाठी उभारलेल्या ज्या रुग्णालयात तिला पुरेसा श्वास मिळाला नाही, तिथल्या भिंतीवर तिला जागा मिळावी, ही भरपाई मला मान्य नाही. हा विषय माझ्यापुरता इथे संपला.

पत्रात आपण ‘आमची अक्का’ असे लिहिले आहे. या शब्दाविषयी मला पुढे बरेच लिहावे लागेल असे दिसते. आज इतकेच लिहितो की, त्या अक्काशी आपण गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून बोलला नव्हतात. माजी सैनिकांच्या मेळाव्यात तिने उभे राहून विचारले होते, रुग्णालयातली श्वासयंत्रे बंद का पडून आहेत? आपण त्या रुग्णालयाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष. व्यासपीठावरून हसत म्हणालात, “अक्का, हे घरी विचारायचं.” ती म्हणाली, “घरातली यंत्रं चालू आहेत.” सभा हसली, आपण हसला नाहीत. त्यानंतरच्या आखाजीला, लेकींना माहेरी नेण्याच्या सणाला, सोनगीरच्या माहेरून तिला न्यायला कोणी आले नाही. चौसष्टाव्या वर्षीही तिने पिशवी भरून ठेवली होती. ती मीच रिकामी केली.

आता मुख्य मुद्दा. परवाच्या वृत्तपत्रात वाचले की, ‘आमदारांच्या भगिनीच्या उपचारात हलगर्जी’ केल्याच्या कारणाने परिचारिका नूतन अहिरे यांना कामावरून दूर करण्यात आले असून चौकशी अधिकारीही नेमला गेला आहे. नूतन अहिरे यांनी हलगर्जी केलेली नाही. मी त्या वेळी तिथे होतो. अधिक सांगण्याची वेळ आपण माझ्यावर आणू नये आणि अध्यक्ष या नात्याने तो आदेश मागे घ्यावा, ही विनंती.

घरी सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे. तो आज पाळत नाही.

लीलाधर भामरे


जळगाव
२० फेब्रुवारी २०२५

श्री. प्रेमराज यांस,

विनंतीला उत्तर आले नाही. आपले स्वीय सहायक बन्सीलाल आले. सोबत रावेरच्या केळ्यांचा घड होता.

“सर, तुम्ही आमचे गुरू,” बन्सीलाल दारातच म्हणाले. “साहेबांनी सांगितलंय, सरांच्या पायावर डोकं ठेवूनच बोलायचं.”

“ठेवा,” मी म्हणालो.

असे उत्तर त्यांना अपेक्षित नसावे. ते गुडघ्यात वाकले, मध्येच थांबले, आणि मग खुर्चीवर बसले. दिपमाला असती तर आत जाऊन तोंडाला पदर लावून हसली असती. मला हसू आले नाही, परंतु ती हसली असती हे जाणवले, म्हणून लिहितो.

त्यांच्याजवळ माझ्या नावाने टंकलिखित केलेले एक निवेदन होते. सही तेवढी माझी हवी होती. त्यात असे लिहिले होते की, आमदारांनी स्पष्ट सूचना देऊनही परिचारिकेने रुग्णास श्वासयंत्र लावले नाही, आणि त्यामुळे रुग्ण दगावला.

“ही स्पष्ट सूचना कोणी दिली?” मी विचारले.

“मीच की सर. साहेबांच्या मोबाइलवरून लागत नव्हतं, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून मी थेट वॉर्डातल्या फोनवर बोललो. तीच नर्स होती.”

“आपले नेमके शब्द सांगा.”

“हेच. ‘साहेबांचा निरोप आहे, अक्काला मशीन लावा. आत्ता लावा, काही विचारू नका.’”

“नाव सांगितले नाही?”

“साहेबांच्या अक्काचं नाव सांगावं लागतं का सर? आख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे!”

“त्या वॉर्डाला माहीत नव्हते.”

“म्हणजे?”

“म्हणजे चहा घ्या, निवतो आहे.”

चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला. बशी खाली ठेवल्यावर त्यांचा आवाज बदलला. “सर, वाईट वाटून घेऊ नका. कोणीतरी दोषी लागतोच. पेपरवाले रोज विचारतात. ती नर्स काय, कंत्राटी आहे, दुसरीकडं लागेल. पण चौकशी वाढली तर फोन कोणी कोणाला केले, सगळं निघतं. मामाला पहिला फोन साक्षीताईंचा होता. मुलीच्या जातीचं नाव कशाला पेपरात यायचं?”

आमच्या साक्षीने पुण्याहून आपल्याला, म्हणजे तिच्या मामाला, फोन केला होता, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. आपल्या सहायकाकडून ते कळले. आईने मनाई केली असताना मुलीने मामाला फोन केला. याला मी गुन्हा मानत नाही. रात्री तिला विचारले. ती खूप रडली, मग म्हणाली, “बाबा, माझं नाव मीच सांगेन. त्यांना सांगू देऊ नका.”

तेव्हा ती धमकी आता बाद समजावी. सही केलेली नाही. केळी बन्सीलाल यांच्याबरोबर परत पाठविली. ती पूर्ण पिकलेली होती. धुळ्यापर्यंत खराब झाली असल्यास दिलगीर आहे.

लीलाधर भामरे


जळगाव
३ मार्च २०२५

प्रेमराज,

या पत्रात मी तुला ‘तू’ म्हणणार आहे. अक्का पठाणकोटच्या सैनिकी इस्पितळात नोकरीला असताना तू माझ्याकडे राहून बी. ए. केलेस. आपण दोघे एका स्टोव्हवर पिठले रांधून खायचो आणि तिच्या पत्रांसाठी पोस्टमनची वाट पाहायचो. त्या मुलाला हे सांगायचे आहे. आमदारांना ते समजणार नाही.

जानेवारीत तिला ताप भरला. फुप्फुसांचे दुखणे जुनेच होते. जळगावात खाजगी दवाखाने पुष्कळ आहेत, परंतु ती ऐकेना. “मी ज्यांच्यात नोकरी केली त्यांच्यातच पडेन,” म्हणाली. धुळ्याला नेताना पारोळ्यापर्यंत ती बोलत होती, पुढे तिने बोलणे बंद केले. रुग्णालयाच्या दारात तुम्ही बसविलेला तो जुना रणगाडा आहे ना, त्याला नवा रंग दिलेला होता. तिने मान वळवून पाहिला आणि मला म्हणाली, “हा बरा दिसतो.”

वॉर्डात गेल्यावर तिने मला बजावले की, ती कोणाची बहीण आहे हे कोणालाही सांगायचे नाही. “इथे मी रांगेत आहे. मला रांगेतच राहू द्या.” तिचा हुद्दा कागदांवर होता, म्हणून सगळे तिला ‘मेजर मॅडम’ म्हणू लागले.

शेजारच्या खाटेवर झुंबरबाई होती. आपल्या सोनगीरच्या पलीकडच्या वस्तीवरची, लष्करातले नाईक जीवराम यांची विधवा. ती बरेच दिवस तिथे पडून होती. डाळ पातळ आली तर स्वयंपाक्याला, चादर मळकी आली तर धोब्याला, ती खाटेवरून शिव्या घालायची. सगळा वॉर्ड तिला आधी ‘झुंबरअक्का’ आणि पुढे नुसते ‘अक्का’ म्हणू लागला होता. डॉक्टरही. “अक्का, आज कसं वाटतंय?” असे कोणी म्हणाले की, आम्हा दोघांची मान वळायची आणि मग दिपमाला हसायची. तिला या नावाने हाक मारणारा तिथे कोणी नव्हता.

दोघींचे छान जमले. झुंबरबाईने एकदा विचारले, “व मेजर, तू बंदूक चालाडेल शे का कधी?”

“नही व. फक्त सुया टोच्यात.”

“मंग कसानी मेजर!”

दोघी इतक्या हसल्या की, दोघींना खोकल्याची उबळ आली, आणि नूतनबाई धावत आल्या. “अक्का, मेजर मॅडम, हसणं बंद! डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही.”

त्या वॉर्डाच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या आवरणाखाली, श्वासाला जोर देणारी यंत्रे एका रांगेत उभी होती. त्यांना तिथे बायपॅप म्हणतात. प्रत्येकावर तुझे छायाचित्र आणि ‘आमदार निधीतून सप्रेम भेट’. चालू होते ते एक. बाकीच्यांची दुरुस्ती व्हायची होती, आणि दुरुस्तीसाठी ठेवलेली रक्कम रणगाड्याच्या चौथऱ्याकडे वळविली होती. हे गुपित नाही. मंडळाचा तो निर्णय तूच त्या मेळाव्यात टाळ्या घेत सांगितला होतास. तुझ्या बहिणीने प्रश्न विचारला तो त्या टाळ्यांनंतर.

त्या दुपारी झुंबरबाईचे ओठ निळे पडले. दिपमालाही सकाळपासून बसूनच श्वास घेत होती. डॉक्टर एकच, आणि मजले तीन. ते आले, दोघींना तपासले, चालू यंत्राकडे पाहिले. “अधीक्षकांना विचारून येतो,” म्हणाले आणि गेले. एका वैद्याने आजाऱ्याला सोडून परवानगी आणायला जिना चढावा, प्रेमराज, यापेक्षा मोठी तक्रार मला करता येणार नाही.

ते वर असतानाच वॉर्डातला फोन वाजला. नूतनबाईंनी उचलला. “हो सर… साहेबांचा… हो. अक्काला. लगेच लावते सर.”

त्यांनी यंत्र ओढत आणले. माझ्या समोरून, दिपमालाच्या खाटेच्या पायथ्यावरून, ते झुंबरबाईकडे गेले.

मला कळले होते. ‘साहेब’ कोण आणि ‘अक्का’ कोण, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होते. मी उठलो. “सिस्टर,” एवढे माझ्या तोंडून निघाले, आणि दिपमालाने माझे मनगट धरले. त्या हातात इतका जोर कुठून आला, मला कळत नाही.

“बसा. तिले लागू द्या.”

“अगं, ते तुझ्यासाठी आहे. प्रेमराजचा फोन आहे.”

“माले माहीत शे.”

माझ्याशी ती एरवी असे बोलत नसे. माझ्याशी ती पुस्तकी मराठी बोलायची, मला बरे वाटावे म्हणून. मग तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तिने मला सावकाश समजावले. जुन्या इस्पितळात ती नव्या मुलींना शिकवायची, तसे. “दोघींत तिची अवस्था वाईट आहे. मी असते तरी तिलाच आधी लावलं असतं. मशीन बरोबर माणसाला लागलं आहे. कारण चुकीचं आहे, एवढंच.”

डॉक्टर खाली आले तेव्हा झुंबरबाईचे ओठ रंगावर येत होते. दुसरे यंत्र जळगावहून मागवतो असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले. तोपर्यंत तुझी अक्का गेली होती. ते वेळेवर लागले असते तर ती वाचली असती का, हे डॉक्टरांना सांगता आले नाही. मलाही ते ठरविता येत नाही. रोज प्रयत्न करतो.

आता तूच सांग, नूतनबाईंनी काय चुकविले? तुझ्या माणसाने सांगितलेला शब्द त्यांनी तंतोतंत पाळला.

धुळ्याला वीस तारखेला सुनावणी आहे. तिथे ये. फोन माझ्या सांगण्यावरून झाला, आणि यंत्रे बंद होती ती माझ्या मंडळामुळे, असे सर्वांसमक्ष म्हण. नूतनबाई त्याच क्षणी सुटतील. तू बोलला नाहीस तर मला बोलावे लागेल. तुझ्या बहिणीच्या मृत्यूची हकिगत मी परक्यांसमोर सांगावी, ही वेळ माझ्यावर आणू नकोस.

लीलाधर


जळगाव
११ मार्च २०२५

प्रेमराज,

काल तू फोनवर बोललास ते लिहून ठेवतो. नंतर तुला वेगळे आठवू नये म्हणून ही प्रत.

“भाऊजी, म्हणजे माझ्या अक्काचं मशीन त्या बाईला लावलं?”

“ते तुझ्या अक्काचे नव्हते.”

“मी फोन केला होता!”

“तेच म्हणतो आहे.”

“त्या नर्सला दोन शब्द विचारता येत नव्हते? कोणती अक्का, एवढंच? जीभ झडली होती तिची?”

“काही विचारू नका, असा निरोप होता.”

 मागे गाडीचा आवाज येत होता. आणि मग म्हणालास, “आणि तुम्ही बघत बसलात. नवरा ना तुम्ही तिचे?”

याचे उत्तर मी काल दिले नाही. आजही देत नाही.

परंतु एक गोष्ट मला रात्रभर छळत राहिली. माझे सगळे पत्र वाचून तुला राग आला तो यंत्र चुकीच्या अक्काला लागले याचा. एका चालू यंत्रासमोर दोन अक्का होत्या, याचा तुला राग आला नाही. फोन बरोबर लागला असता, तर झुंबरबाई गेली असती. मग कोणाला कामावरून काढले असते? कोणालाच नाही. वृत्तपत्रात चार ओळीही आल्या नसत्या. आणि पुढच्या आखाजीला तू तुझ्या अक्काला न्यायला आला असतास, आणि ती आली असती का, हे तू स्वतःला विचार.

तू माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचास. संसदीय जबाबदारी शिकवत असताना एकदा उठून विचारले होतेस, “सर, चूक कारकुनाची, मग राजीनामा मंत्र्याने का द्यायचा?” वर्गाला तो प्रश्न आवडला होता. मी म्हणालो होतो, “कारकुनाला कोणी हार घातलेले नसतात.” तू ते वहीत उतरून घेतलेस. मला वाटले, समजून घेतलेस.

फोनच्या शेवटी तू सोनगीरच्या बोलीत आलास. “भाऊजी, मी तठे उभा राहीसन असं बोलनू तर बठ्ठं संपी जाई मनं.” तुझा आवाज खरा होता. निवडणूक जवळ आहे, पक्षात तुझ्या जागेवर टपलेले लोक आहेत, हे मला समजते. परंतु तुझे संपेल ते पद. नूतनबाईंच्या बाबतीत जे संपेल, ते मी परवा पाहून आलो. धुळ्याच्या देवपूर भागात त्या दोन खोल्यांत राहतात. घरमालकाने विचारले म्हणे, “आमदाराची बहीण मारली ती नर्स तुम्हीच का?” त्यांनी मला पाणी दिले, आणि विचारले, “सर, मी त्या दिवशी खरंच काही चुकले का? मला रोज वाटतं, मेजर मॅडमकडे बघायला हवं होतं.”

दिपमालाने शेवटच्या दिवशी जे सांगितले ते मी त्यांना सांगितले. मशीन बरोबर माणसाला लागले आहे. त्या दारात उभ्या राहूनच रडल्या.

वीस तारीख, सकाळी. मी बसने येईन. तू तुझ्या गाडीने ये, पण ये.

लीलाधर


जळगाव
५ एप्रिल २०२५

मा. आमदार श्री. प्रेमराज देवरे यांस,

सुनावणीनंतर पंधरवडा मी काही लिहिले नाही. मला निर्णयाची वाट पाहायची होती, आणि खरे सांगायचे तर, आपण फोन कराल असे वाटत होते.

त्या दिवशीचे सर्व आपल्या समोरच घडले. तरीही मी कोणत्या जागेवरून पाहत होतो, ते आपल्याला कळावे.

झुंबरबाई भाड्याच्या जीपने आली. तिला कोणी बोलावले नव्हते. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, आपण कोण? ती धापा टाकत म्हणाली, “मी अक्का. माले लागनं मशीन. आते काढी लेशात का?” अधिकारी हसले, शिपाई हसला, आणि माझ्याही चेहऱ्यावर काहीतरी झाले असावे, कारण साक्षीने माझा हात दाबला. मग झुंबरबाईने नूतनबाईंकडे बोट केले. “या पोरले सोडी द्या. इना काय गुन्हा? तिनी अक्का म्हने ऐकं, अक्काले लायं.”

मग मी बोललो. पत्रात लिहिले होते ते सर्व, क्रमाने. दिपमालाचे शब्द होते तसे सांगितले. साक्षीने मामाला केलेल्या फोनची गोष्ट स्वतः सांगितली. आणि मग आपण उठलात.

“हो. फोन माझाच होता,” आपण म्हणालात.

प्रेमराजजी, त्या क्षणी मी साक्षीकडे वळून पाहिले.  मला वाटले, दुसऱ्या बाकावरचा मुलगा उठला.

“मी आमदार नंतर, आधी भाऊ आहे. बहीण मरणाच्या दारात असताना कोणता भाऊ फोन करणार नाही? केला मी फोन! होय, मी दोषी आहे, मी माझ्या अक्कावर प्रेम केलं!” आपले डोळे भरून आले होते. ते खोटे नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. “माझ्या अक्काच्या वाट्याचा श्वास एका वीरपत्नीला मिळाला. माझी अक्का जाता जाता जीवनदान देऊन गेली. आणि या सिस्टरताईंना मी आज, अक्काच्या नावाने, मोठ्या मनाने माफ करतो.”

टाळ्या वाजल्या. कोणीतरी आपल्या अक्काचा जयजयकारही केला. मी पुढच्या वाक्याची वाट पाहत उभा होतो. यंत्रे, दुरुस्ती, मंडळ, चौथरा, यांतले काहीतरी. आपण खाली बसलात आणि रुमालाने चष्मा पुसलात.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत आपले छायाचित्र होते. ‘भावाचे काळीज’ असा मथळा होता. बाहेर रिक्षावाले तेच बोलत होते. आपण त्या सभागृहात शिरताना जेवढे होता, त्याहून मोठे होऊन बाहेर पडलात. बहिणीच्या मृत्यूत आपला हात होता असे मी कधीही म्हटले नव्हते. आपण जे कबूल केलेत ते मी मागितलेच नव्हते, आणि जे मागितले होते त्याला आपण स्पर्शही केला नाहीत. इतकी वर्षे शिकवूनही अशी युक्ती मला सुचली नसती. आपण विद्यार्थी म्हणून माझ्या पुढे गेलात.

नूतनबाई पहिल्या तारखेला कामावर रुजू झाल्या. त्याचा मला आनंद आहे, आणि तो आपल्यामुळे झाला हेही नाकारत नाही. त्यांनी काल फोन केला. “सर, नोकरी मिळाली. पण मला माफी कशाची मिळाली, ते अजून कळलं नाही.” मी त्यांच्याकडे वॉर्डाची विचारपूस केली. कोपऱ्यातली यंत्रे तशीच आहेत म्हणाल्या, प्लास्टिकखाली. फक्त चौकशी अहवालातली एक शिफारस तातडीने अमलात आली आहे. फोनशेजारी फलक लावला आहे: ‘दूरध्वनीवरून सूचना आल्यास रुग्णाचे पूर्ण नाव विचारून घ्यावे.’

एवढेच. माझी पत्नी गेली, एका बाईला गुन्हेगार ठरवून नंतर क्षमा करण्यात आली, आम्ही सर्व त्या सभागृहात उभे राहून बोललो, आणि त्यातून आपल्या शासनाने हा धडा घेतला की, फोन करावा, परंतु नाव नीट सांगावे. आता चूक होणार नाही. पुढच्या वेळी यंत्र अचूक त्याच्याचकडे जाईल ज्याचा कोणीतरी वर आहे. झुंबरबाईसारखी कोणी आता नावाच्या घोटाळ्यानेसुद्धा वाचणार नाही.

नूतनबाईंनी फोन ठेवण्यापूर्वी मला विचारले, “सर, आता पुढे काय?” मी त्यांना ‘पाहू’ असे म्हणालो. ते खरे नव्हते. मी ठरविलेले होते, परंतु आपल्याला प्रथम कळवावे असे वाटले. हे सौजन्य आहे की आणखी काही, मला सांगता येत नाही.

रुग्णालयाच्या नियामक मंडळाच्या अध्यक्षांविरुद्ध मी लोकायुक्तांकडे तक्रार दाखल करीत आहे. विषय: श्वासयंत्रांची दुरुस्ती थोपविणे, त्यासाठीची रक्कम अन्यत्र वळविणे, आणि उपचारांचा क्रम वैद्याऐवजी दूरध्वनीने ठरू देणे. साक्षीची सही आहे. झुंबरबाईचा अंगठा आहे. तिने अंगठा उठविताना विचारले, “मेजरना भाऊ ना हाऊ? मंग तू त्याले घर बलाईसन का नही सांगत?” मी म्हणालो, घरी सांगून पाहिले.

तक्रार कोणाविरुद्ध, तिथे पूर्ण नाव लिहायचे असते. मी वळणदार अक्षरात लिहिले: प्रेमराज झुलाल देवरे. त्याखाली पद लिहिले, आणि पत्ता. मग नात्याचा रकाना शोधला. तो कुठेच नव्हता. मी दोन्ही पाने उलटून पाहिली.

लीलाधर भामरे